बसून ऐकणारी माणसे

नांदेड
२० जुलै २०२५

प्रिय ऋतुजा,

सप्रेम नमस्कार. तुमच्या वसतिगृहात सगळ्या मुलींचे मोबाईल जमा करून घेतात, हे ऐकून माझ्या आईला तुझी फार दया आली. मला मात्र, खरे सांगते, आनंद झाला. फोनवर मला बोलता येत नाही, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक नाही. 'हॅलो' म्हटल्यावर पुढचे वाक्य मनात जुळेपर्यंत समोरचा माणूस 'ऐकू येतंय का?' असे ओरडू लागतो. पत्र तसे ओरडत नाही. म्हणून यंदा तू लातूरला आणि मी नांदेडला असताना आपण पत्रेच लिहू या.

उदगीरच्या शाळेत पाचवीपासून आपण एका बाकावर बसलो. बारावीनंतर वर्गातली सगळी हुशार मुले लातूरला मेडिकलच्या क्लासला गेली, तूही दुसऱ्या प्रयत्नासाठी गेलीस, आणि पहिल्या क्रमांकाची मुलगी इंग्रजी साहित्य घेऊन नांदेडला का गेली, हा प्रश्न आमच्या दुकानात येणारे गिऱ्हाईक अजूनही अप्पांना विचारते. अप्पा रागावलेले नाहीत. त्यांना काळजी वाटते. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला हे झेपेल का, एवढेच त्यांचे म्हणणे. त्यांनी विषय बदलण्याचा अर्ज स्वतः भरून, पालक म्हणून सही करून माझ्या बॅगेत ठेवला आहे. 'नाही जमलं तर मुकाट्यानं दे, कोणी काही म्हणणार नाही,' असे म्हणाले. ऑगस्टअखेर मुदत आहे. मी तो अर्ज पुस्तकात खूण म्हणून वापरते, म्हणजे रोज नजरेसमोर राहतो.

पुस्तकाचेच सांगायचे होते. आमच्या नागसेन सरांनी एक वाचनसभा सुरू केली आहे. सगळ्या वर्गाने एकच इंग्रजी कादंबरी वाचायची, तीही फक्त पहिली शंभर पाने. मग पुस्तक मिटायचे आणि आतापर्यंत काय वाटले ते वर्गापुढे उभे राहून इंग्रजीत सांगायचे. सर म्हणतात, 'पुस्तक संपलं की सगळे शहाणे होतात. मला शहाणे होण्याआधीचे तुम्ही हवे आहात.' चिठ्ठ्या टाकल्या. पहिली चिठ्ठी माझी निघाली. सभा २३ ऑगस्टला आहे. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

कादंबरी ग्रीक पुराणांवर बेतलेली, पण आजच्या लेखिकेने कल्पनेने रचलेली आहे. नायिका मेलिना, आपल्याच वयाची. ती पाताळात राहते. मेलेल्या माणसांना एक म्हातारा नावाडी नदीपार आणून सोडतो, आणि मग लीथी नावाच्या दुसऱ्या नदीचे पाणी त्यांना पाजायचे, हे मेलिनाचे काम. ते पाणी प्यायले की मागचे सगळे विसरते. एकच नियम आहे: पाणी पाजायचे, पण कोणाची गोष्ट ऐकायची नाही.

मी तिसावे पान ओलांडले आहे. शब्दकोश मांडीवर असतो. तरीही एक दृश्य इतके स्पष्ट दिसले की शब्द अडले नाहीत. धुके आहे. नदीकाठी मेलेली माणसे ओळीने बसली आहेत, मांडी घालून, पाठ ताठ, डोळे मिटलेले. कोणालाच घाई नाही. मेलिना एकेकापुढे वाकते आणि पेला ओठांना लावते. पाताळाची भीती वाटेल असे मला वाटले होते, पण तिथे मला विलक्षण शांत वाटले.

तुझ्या चाचणीचे काय झाले? कळव.

तुझी,
अक्षरा


लातूर
२७ जुलै

अक्षू,

तुझं पत्र म्हणजे निबंध स्पर्धेचं पहिलं बक्षीस! 'विलक्षण शांत' काय, 'गोड लागत नाही' काय! पण तुझ्या त्या निबंधापायी माझी उलटतपासणी झाली, ती ऐक.

इथे आलेलं प्रत्येक पत्र आमच्या रेक्टर, सरजाबाई, आधी उघडून वाचतात. गुरुवारी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर तुझं पत्र पसरलेलं.

"ये. बस. हा नावाडी कोण हाय?"

"कोणता नावाडी, मॅडम?"

"मला नको शिकवू. लई वर्षं झाली मी पोरींची पत्रं वाचून राहिले. नावाडी कोण? कोणत्या क्लासचा? आन ही नदीपार न्यायची भाषा कशापायी?"

"मॅडम, तो म्हातारा आहे. मेलेल्या माणसांना नेतो."

"हाव, धरल्यावर समद्या असंच म्हणतात. आन ही मेलिना? पोराचंच नाव पोरीचं करून लिवलंय न्हवं? 'पाणी पाजते' म्हणजे काय गं?"

मला एवढं हसू आलं की त्यांचा संशय आणखी वाढला. शेवटी मी म्हटलं, मॅडम, मी मोठ्यानं वाचते, तुम्हीच ठरवा. वाचलं. त्यांचा चहा समोर गार झाला. वाचून संपल्यावर म्हणाल्या, "पोरगी चांगल्या घरची दिसते. पण हे पाणी प्यायलं न्हाई तर काय होतं?" प्रकरण मिटलं.

आता आम्हाला, म्हणजे मला, पुढचं सांग. पाताळाच्या दाराशी तीन तोंडांचा कुत्रा असतो ना? त्याला भाकरी टाकली तर आधी कोणतं तोंड खातं? बाकीची दोन भांडतात का? मेलिनाला सुट्टी असते का? नावाडी रागीट आहे की फक्त कंटाळलाय? हे सगळं लिही, आणि जरा मोठं लिही. मागचं पत्र वाचायला पोळ्या वाढून होईपर्यंतसुद्धा पुरलं नाही.

चाचणीत फिजिक्सनं मारलं. रडले नाही, पण रडण्याच्या जवळ जाऊन आले. आता बरी आहे.

सभेला घाबरू नकोस. तोंड उघडायचं, पुढचं आपोआप येतं.

ऋतुजा


नांदेड
३ ऑगस्ट

प्रिय ऋतुजा,

तुझे पत्र वाचून खोलीत एकटीच हसले, तेव्हा शेजारची अंजू डोकावून 'घरून काही आनंदाची बातमी?' म्हणून विचारून गेली. सरजाबाईंना माझा नमस्कार सांग आणि नावाड्याबद्दल निश्चिंत राहायला सांग.

तुझे प्रश्न मात्र मला जरा गमतीचे वाटले. एवढ्या अभ्यासात तू कुत्र्याच्या जेवणाचा विचार करतेस, हे माझे मन राखण्यासाठी, हे मला कळते. तरीही उत्तरे देते.

कुत्र्याचे आधी कोणते तोंड खाते, हे पुस्तकाने अजून सांगितलेले नाही. पण वाचताना मला माहूर आठवले. आपल्या सहलीत दत्तशिखरावर गेलो होतो. आपल्याकडे तीन तोंडे देवाला आणि पायाशी चार कुत्रे. त्यांच्याकडे देवाला तोंड एकच आणि तीन तोंडे कुत्र्याला. पहारा तरी त्यांच्याकडे चांगला होत असेल. त्यांचे देव फार भांडतात. काका पुतण्यावर रुसतो, भाऊ भावाचा वाटा दाबतो, आणि सगळे मिळून एका बहिणीला जेवायला बोलवायचे विसरतात. वंशावळीचे पान मी तीनदा वाचले. शेवटी आमच्या भावकीतली नावे समोर लिहून काढली, तेव्हा लक्षात राहिले.

नावाडी रागीट नाही. कोणी त्याला 'जेवलास का?' असे आजवर विचारलेले नाही, असे त्याच्याकडे पाहून वाटते. मेलिनाला सुट्टी नसते.

आता महत्त्वाचे. सत्तराव्या पानावर एक म्हातारी येते. कुठल्यातरी बेटावर कापड विणायची. मेलिना पेला पुढे करते, आणि म्हातारी हाताने तो बाजूला सारते. म्हणते, 'थांब पोरी. माझी एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती ऐक, मग पिते.' मेलिना इकडेतिकडे पाहते. नियम मोडायचा की नाही? मग ती पेला खाली ठेवते आणि म्हातारीसमोर स्वतःही मांडी घालून बसते. ऋतुजा, तिथे मी पुस्तक मिटून खिडकीत जाऊन उभी राहिले. एखाद्याने आपल्यासमोर ऐकायला बसावे, याहून मोठी मेहेरबानी मला तरी माहीत नाही.

सभेची तयारी अशी: आरशासमोर उभी राहून 'गुड मॉर्निंग' म्हणते. पुढचे वाक्य आरशालाही ऐकू गेलेले नाही. परवा वर्गात सरांनी एक साधा प्रश्न विचारला. उत्तर मला येत होते. उभी राहिले. आवाज आला नाही. सर सौम्यपणे 'बसा' म्हणाले. त्या सौम्यपणानेच जास्त लागले. अंजू इंग्रजी शाळेतली, तिचे उत्तर पाण्यासारखे वाहत गेले. ती चांगली मुलगी आहे, म्हणून तिच्यावर रागावताही येत नाही.

अर्ज आता सत्त्याऐंशीव्या पानात आहे.

तुझी,
अक्षरा


लातूर
१० ऑगस्ट

अक्षू,

म्हातारीनं काय सांगितलं? असं कुठे तोडतात का? इथे लोकांचे जीव टांगणीला लागलेत. म्हणजे माझा.

एक शंका आहे, घाईनं लिहिते. मेलेली माणसं बसलेली कशी गं? इथे निलंग्याची एक मुलगी आहे. ती म्हणते, मेलेलं माणूस आडवं असतं, फार तर भुतासारखं फिरतं. मांडी घालून पंगतीला बसल्यासारखं कसं बसेल? त्यावर दुसरी म्हणाली, पुस्तकात बसलंय म्हणजे बसलंय, तू कोण उठवणारी? वाद एवढा पेटला की वरण सांडलं. सरजाबाई म्हणाल्या, "भांडू नका. पुस्तकात तसं हाय का, लिवून इचार."

तर विचारते. पुस्तकात तसं आहे का?

ऋतुजा


नांदेड
१४ ऑगस्ट

प्रिय ऋतुजा,

पुस्तकात तसे नाही.

तुझे पत्र आल्यावर मी पहिल्या पानापासून पुन्हा पाहिले. ती माणसे उभी आहेत. चालत आहेत. धुक्यात वाऱ्याने ढकलल्यासारखी भटकत आहेत, असे लेखिकेने एकदा नव्हे, अनेकदा लिहिले आहे. 'बसली' असे एकाही ओळीत नाही. म्हातारीसुद्धा उभी आहे. मेलिनाही तिच्यासमोर बसत नाही, उभ्यानेच ऐकते; काय ऐकते, ते या शंभर पानांत सांगितलेलेच नाही. ज्या ओळीपाशी मी पुस्तक मिटून खिडकीत गेले, ती ओळ पुस्तकात नाहीच.

हे कुठून आले, ते मला कळले आहे. फक्त तुला सांगते.

आमच्यात माणूस गेल्यावर जाळत नाहीत, आडवेही ठेवत नाहीत. बसवतात. चौथीत असताना आमचे आज्जा, गुरुबसप्पा, लिंगैक्य झाले. त्यांना आंघोळ घालून, कपाळावर भस्म लावून, मांडी घालून फुलांच्या विमानात, म्हणजे सजवलेल्या पालखीत, बसवले होते. तळहातावर त्यांचे इष्टलिंग. डोळे मिटलेले. मळ्यात नेले आणि मातीतही तसेच बसवले. सगळे रडत होते. मला रडू आले नाही, कारण आज्जा मला नेहमीसारखेच दिसत होते. रोज दुपारी दुकानातल्या गादीवर ते असेच बसायचे आणि मी त्यांना माझा धडा वाचून दाखवायची. शाळेत मला कोणी वाचायला सांगितले तर माझे पाय कापायचे, पण त्यांच्यासमोर मी खणखणीत वाचायची. ते डोळे मिटून ऐकायचे. मी थांबले की झोपले असतील असे वाटायचे, तेवढ्यात ते कानडीत विचारायचे, 'मुंदे?' म्हणजे, पुढे? ते गेल्यापासून मी कोणासमोर मोठ्याने वाचले नाही.

तेव्हा हे असे झाले. 'पाताळ' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांनी पुस्तकाला विचारलेच नाही. सगळ्या वर्गाने एक पुस्तक वाचले आणि मी दुसरेच वाचत बसले. मी शब्दकोशात शब्द न् शब्द पाहिला, ऋतुजा, आणि तरीही जे लिहिलेच नाही ते वाचले. सभेत मी पहिल्याच मिनिटाला हे सांगितले असते आणि अंजूने नम्रपणे पान क्रमांक विचारला असता. अप्पांचे बरोबर होते. मला झेपत नाही.

पुढच्या गुरुवारी अर्ज देऊन टाकते, म्हणजे शनिवारी उभे राहण्याची वेळच येणार नाही. तुझ्या त्या निलंग्याच्या मैत्रिणीला सांग, तिचे खरे आहे.

तुझी,
अक्षरा


लातूर
१८ ऑगस्ट
(स्पीड पोस्टानं)

अक्षू,

आधी मला शिव्या दे, मग पुढचं वाच.

तुझी पत्रं मी एकटी वाचत नव्हते. सगळ्या मेसला वाचून दाखवत होते.

असं झालं. सरजाबाईंनी तुझं पहिलं पत्र ऐकलं, त्याच दिवशी चाचणीचा निकाल लागला होता. संध्याकाळी मेसमध्ये सगळ्या मुली, आणि भाकरी मोडल्याचासुद्धा आवाज येईना. दोघीतिघी ताटात बघून रडत होत्या. सरजाबाई मला म्हणाल्या, "ते मघाचं मेलेल्यांचं वाच बरं जरा." मी वाचलं. आधी कोणी लक्ष दिलं नाही. मग नावाडी आला, मग ते विसरायचं पाणी, आणि एक मुलगी तोंडात घास धरून म्हणाली, पुढे? तेव्हापासून तुझं पत्र आलं की मेसमध्ये वाचायचं, हा नियमच झाला. ते कुत्र्याच्या भाकरीचे प्रश्न माझे नव्हते. मला खरंच एवढं सुचतं का? ते पाटीवर लिहून जमवलेले प्रश्न होते.

सांगणार होते. पण तुला कळलं असतं की चाळीस जणी ऐकतायत, तर तू एक ओळ लिहिली नसतीस. हे खोटं आहे का, सांग.

आज्जांचं पत्र मी वाचून दाखवलं नाही. तू 'फक्त तुला' लिहिलं होतंस. मेसमध्ये ताटं वाजवून 'पत्र, पत्र' असा गोंधळ झाला, तरी दिलं नाही. पण सरजाबाईंनी ते उघडलं होतंच, त्याला माझा इलाज नाही. त्यांनी एक चिठ्ठी दिलीय, ती सोबत ठेवते. मी ती वाचलेली नाही. आयुष्यात पहिल्यांदा इथलं एक पत्र कोणी न वाचता पाकिटात गेलं.

अर्ज देऊ नकोस. चुकलं असेल माझं, पण अर्ज देऊ नकोस.

ऋतुजा


(सोबतची चिठ्ठी)

अक्षरा बाई,

मी सरजाबाई. मला तुझ्यासारखं लिवता येत न्हाई, समजून घे.

तुझं ते पत्र मी एकटीनंच वाचलं. दुसऱ्याची पत्रं उघडायचं माझं कामच हाय, पण ते वाचून मला पहिल्यांदा वाटलं की दार वाजवून यायला पायजे होतं. माफ कर.

आमच्यात जाळतात. माझे मालक गेल्याला लई दिवस झाले. डोळे मिटले की मला ते तसलेच दिसायचे, दवाखान्यातल्या खाटेवर आडवे. दुसरं काही दिसतच न्हवतं. तुझ्या पहिल्या पत्रात ती माणसं बसलेली होती न्हवं, तवापासून मालक मला बसलेले दिसून राहिले. वसरीवर, खुर्चीत, चहाला उशीर झाला म्हणून माझ्याकडं बघत. तोंड तसंच वाकडं. मी हसले गं एकटीच.

आता तू म्हणतीस पुस्तकात ते बसलेले न्हाईत. नसतील. पुस्तकवालीला काय माहीत? आता मी त्यांना पुन्हा आडवं करणार न्हाई.

तू शनिवारी हुभी राहा नाहीतर बस, पण बोल. आमच्याशी बोललीस तसं बोल. महिनाभर बोलूनच राहिली हायस, तुला कळलं न्हाई एवढंच. पोरी लई परेशान करून राहिल्या मला.

म्हातारीनं काय सांगितलं? फुडं?

सरजाबाई


नांदेड
२४ ऑगस्ट

प्रिय ऋतुजा,

तुला शिव्या द्यायच्या होत्या. मला येत नाहीत. पण एक दिवस मी फार रागावले होते, हे लिहून ठेवते. आपली पत्रे भाकरीबरोबर वाढली गेली, या कल्पनेने मला इतकी लाज वाटली की अंथरुणात तोंड खुपसून पडले. मग त्या लाजेतच सरजाबाईंची चिठ्ठी उघडली. तिचा शेवटचा शब्द वाचून उठून बसले. तो शब्द मला आठ-नऊ वर्षांत कोणी विचारला नव्हता.

गुरुवारी कार्यालयात गेले नाही.

शनिवारी माझे नाव पुकारले. पुढे गेले. टेबलाला धरून उभी राहिले. वर्ग शांत झाला. आवाज, नेहमीप्रमाणे, आला नाही. सर 'बसा' म्हणतील, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसू लागले. तेवढ्यात मीच विचारले, "सर, मी बसून बोलू का?"

सर गोंधळले. "बसून?"

"हो सर. इथेच."

मागून कोणीतरी हसले. सरांनी आपली खुर्ची पुढे सरकवली. मी बसले, पुस्तक मांडीवर घेतले, आणि समोरच्या भिंतीकडे पाहून ठरवले की तिच्यापलीकडे लातूरची मेस आहे, पोळ्या वाढून होत आहेत, आणि सरजाबाईंचा चहा गार होतो आहे. मग इंग्रजीत पहिले वाक्य म्हटले. घरी पाठ केलेले ते नव्हते. मी म्हटले, 'या पुस्तकातली मेलेली माणसे बसलेली नाहीत. शंभर पाने मला ती बसलेली दिसली. का दिसली, ते मी सांगणार आहे.'

आणि सांगितले. आज्जांचे विमान, तळहातावरचे लिंग, दुकानातली गादी. इंग्रजी मधे मधे अडले. 'विमान' म्हणताना सगळ्यांना आकाशातले विमान वाटले आणि मोठा हशा झाला, तेव्हा मीही हसले. पुढचे थोडे मराठीत बोलले. सरांनी थांबवले नाही. शेवटी म्हटले, 'लेखिकेच्या पाताळात कोणी कोणासाठी थांबत नाही, म्हणून म्हातारीचे ऐकणे हा तिथे गुन्हा आहे. माझ्या पाताळात ऐकणे हेच सगळ्यांचे काम आहे. त्यामुळे मेलिना नियम मोडते तेव्हा मला ती चुकली असे वाटले नाही. ती घरी आली असे वाटले.' एवढे बोलून गप्प झाले.

काही जण पुस्तकात ते पान शोधू लागले. मी मनातल्या मनात अर्जाची घडी उलगडू लागले होते.

मग सर मला काही न म्हणता वर्गाकडे वळले. "खरं सांगा. तुम्हाला ती माणसं कशी दिसली?"

आधी सगळे पुस्तकातले सांगू लागले. सर म्हणाले, "लिहिलेलं नको. दिसलेलं सांगा." तेव्हा कंधारचा एक मुलगा चाचरत म्हणाला की त्याला ती मुदखेडच्या फलाटावर दिसली, गाठोड्यांवर डोकी टेकून गाडीची वाट पाहणारी, आणि नावाडी म्हणजे कधीच खरी वेळ न सांगणारा खिडकीतला माणूस. एकीला माहूरच्या रेणुकेची रांग दिसली होती, हातातल्या नारळांसकट. तिला इतके दिवस वाटत होते की तिचे चुकले आहे. कोणाला सरकारी दवाखान्याची ओसरी, कोणाला ऊसतोडीला निघालेला ट्रक. मग एकच कल्ला झाला. ज्याने त्याने आपले पाताळ सांगितले आणि एकालाही लेखिकेचे दिसलेले नव्हते. अंजू शेवटी म्हणाली, "मला काहीच दिसलं नाही, सर. मी नुसतं भराभर वाचलं." आणि सभा संपल्यावर माझ्याकडे येऊन म्हणाली, "माझ्यासोबत परत एकदा वाचशील? हळू." मी हो म्हटले. बघ, मी फारसा विचार न करता हो म्हटले.

सर जाताना एवढेच म्हणाले, "पुढच्या वेळी सगळ्यांनाच बसून बोलायला सांगतो. तुमच्यामुळे मला खुर्ची मिळाली नाही, दीड तास उभा आहे."

संध्याकाळी अप्पांना फोन केला. हो, मीच केला. सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मी 'ऐकू येतंय का?' असे विचारले, तेव्हा म्हणाले, "ऐकायलोय गं. आज्जाचं सांगितलीस का सगळ्यांपुढं?" म्हटले, हो. मग त्यांचा आवाज जरा निराळा आला. "त्या अर्जाचं काय केलीस?"

अर्ज पुस्तकातच आहे, अप्पा, असे मी सांगितले. तो काल रात्रीपर्यंत शंभराव्या पानात होता. आता सभा झाली, पुढचे वाचायला परवानगी आहे. आज सकाळी तो एकशे एकतिसाव्या पानात सरकला. चांगला जाड कागद आहे, खुणेला उत्तम.

म्हातारीने काय सांगितले, ते मला आता कळले आहे. ते लिहिणार नाही. पत्रातून सांगण्यासारखे ते नाहीच, आणि शिवाय पोस्टाला चार दिवस लागतात, तोवर तुमच्याकडचे वरण पुन्हा सांडेल. पुढचा रविवार तुमच्याकडे भेटीचा असतो ना? सकाळच्या गाडीने लातूरला येते. सरजाबाईंना विचार, संध्याकाळी जेवणाच्या वेळेपर्यंत थांबू देतील का. निलंग्याच्या मुलीला पुढे जागा ठेव. तिच्या शंकेचे माझ्यावर उपकार आहेत. आज्जांचे पत्रही काढून ठेव, ते मीच वाचेन.

सगळ्यांना बसवून ठेव. मी आल्याआल्या दारातच उभी राहिले, तर हाताला धरून आत ने. बोलताना मधेच थांबले, तर घाबरू नका. काय विचारायचे, ते सरजाबाईंना ठाऊक आहे.

तुझी,
अक्षरा